पहिला येऊनही हरणारी जोडी

सुरुवातीलाच एक कोडे घालतो. मोटारसायकलींची एक शर्यत आहे. स्वार चार. त्यांपैकी लाल आणि निळे शिरस्त्राण घातलेले दोघे एका संघाचे, पांढरे आणि पिवळे शिरस्त्राण घातलेले दोघे दुसऱ्या संघाचे. लाल स्वार पहिल्या वळणापासून पुढे आहे. तो शेवटपर्यंत पुढेच राहतो आणि पहिला येतो. तरीही त्या शर्यतीत त्याचा संघ हरतो. हे कसे?

उत्तर अंकगणितात आहे आणि ते अगदी सोपे आहे. पण ते कळल्यावर लाल स्वाराने काय करायला हवे होते, हा दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पदार्थविज्ञानाला विचारावे लागते. म्हणून आपण आधी शर्यत समजावून घेऊ, मग गुणांकडे वळू.

या खेळाचे नाव स्पीडवे. १९२३ साली ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड या गावी तो रुजला आणि १९२८ साली इंग्लंडमध्ये आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ब्रिटन, पोलंड, स्वीडन, डेन्मार्क या देशांत तो आजही लोकप्रिय आहे. मैदान लंबवर्तुळासारखे: दोन सरळ बाजू आणि त्यांना जोडणारी दोन अर्धवर्तुळाकार वळणे. वर डांबर नाही, काँक्रीट नाही; विटा किंवा दगड भरडून केलेला सुटा, भुसभुशीत थर असतो. चौघांनी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारायच्या, म्हणजे सगळी वळणे डावीकडेच. मिनिटभरात किंवा त्याहून थोड्या अधिक वेळात सारे संपते. अशा पंधरा-वीस शर्यती एका संध्याकाळी होतात आणि त्यांचे गुण मिळवून संघाचा जयपराजय ठरतो.

ब्रिटनमध्ये या खेळाच्या श्रेणी आहेत. फुटबॉलप्रमाणेच वरच्या श्रेणीत नामांकित खेळाडू आणि खालच्या श्रेणीत उमेदवार व हौशी यांची भरती. १९६८ साली दुसरी श्रेणी सुरू झाली. १९७५ साली तिला ‘न्यू नॅशनल लीग’ असे नाव मिळाले आणि त्याच वर्षी तिची जोड्यांची स्पर्धा सुरू झाली. पुढे नावे बदलत गेली. १९९७ पासून २०१६ पर्यंत ती ‘प्रीमियर लीग’ होती, २०१७ पासून ती ‘चॅम्पियनशिप’ झाली. प्रत्येक संघाने आपले दोन स्वार पाठवायचे, आणि त्या दोघांनी मिळून इतर जोड्यांशी झुंजायचे. मला स्वतःला या खेळाचा हा प्रकार सर्वांत बुद्धीचा वाटतो. एकट्याच्या शर्यतीत पुढे जाणे एवढेच काम असते. जोडीच्या शर्यतीत मागेही पाहावे लागते.

आता यंत्राकडे पाहू. मोटारसायकल ५०० घनसेंटिमीटरची, एकाच सिलिंडरची. गिअर एकच. वजन निदान ७७ किलोग्रॅम असावे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपल्याकडच्या रस्त्यावरील नेहमीच्या मोटारसायकलीहून हे बरेच कमी. इंधन पेट्रोल नव्हे, मेथॅनॉल. मेथॅनॉलची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता मोठी असते. त्यामुळे आत येणारे मिश्रण आपोआप थंड होते, ते अधिक दाबता येते आणि एंजिनातून जास्त शक्ती मिळते. आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: या गाडीला ब्रेक नसतो. पुढेही नाही, मागेही नाही. नियमच तसा आहे. चौघे स्वार हँडलला हँडल घासत वळणात शिरतात. तेथे एकाने एकदम ब्रेक दाबला, तर मागचा त्याच्यावर आदळणारच. कोणाकडेच ब्रेक नाही, म्हणून पुढचा अचानक थांबणार नाही, एवढा तरी भरवसा प्रत्येकाला असतो.

ब्रेक नाही, रस्ता भुसभुशीत, आणि वळण तीव्र. मग हे वळतात तरी कसे?

आकडेमोडीसाठी आपण एक मैदान कल्पू. स्वाराच्या आतल्या मार्गावर वळणाची त्रिज्या ३० मीटर आणि प्रत्येक सरळ बाजू ५६ मीटर. दोन अर्धवर्तुळे मिळून एक पूर्ण वर्तुळ होते. त्याचा परिघ २ × ३.१४ × ३० म्हणजे सुमारे १८८ मीटर. त्यात सरळ बाजूंचे ११२ मीटर मिळवा, की फेरी ३०० मीटरची झाली. वळणातील वेग सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटर धरू.

वर्तुळाकार मार्गाने जाणाऱ्या वस्तूला केंद्राकडे त्वरण असावे लागते, आणि ते वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून मिळते, हे तुम्ही शिकला आहात. १७ चा वर्ग २८९. त्याला ३० ने भागले की ९.६ येतात. सेकंदाला दर सेकंदास ९.६ मीटर! गुरुत्वत्वरण ९.८ आहे, हे आठवा. म्हणजे पृथ्वी या स्वाराला जितक्या जोराने खाली ओढते, जवळजवळ तितक्याच जोराने कोणीतरी त्याला आडवे, मैदानाच्या आतल्या बाजूला ओढले पाहिजे. स्वार व गाडी मिळून १५० किलोग्रॅम धरले, तर हे बल सुमारे १४५० न्यूटन भरते. दोन्ही बले जवळजवळ सारखी असल्यामुळे स्वार आणि गाडी मिळून जमिनीशी साधारण ४५ अंशांचा कोन करून आत कलतात.

हे बल पुरवणार कोण? यात्रेतला ‘मौत का कुआँ’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तेथे फळ्यांची भिंत स्वाराला केंद्राकडे रेटते आणि घर्षण त्याचे वजन तोलून धरते. स्पीडवेत कामांची अदलाबदल होते: वजन जमीन तोलते आणि केंद्राकडचे बल घर्षणाने द्यायचे असते. पण सुट्या खडीवर घर्षण कितीसे असणार? घर्षणगुणांक ०.५ धरला, तर ३० मीटर त्रिज्येच्या वळणात सेकंदाला १२ मीटरहून थोडा अधिक, म्हणजे ताशी ४४ किलोमीटरच वेग झेपेल. त्यापुढे गाडी घसरून बाहेर जाईल. आणि हे लोक तर ताशी साठाच्या वर असतात!

या खेळाची खरी गंमत येथे आहे. हे स्वार घसरणे टाळत नाहीत; मुद्दाम घसरतात. वळण येताच स्वार शरीराच्या झोकाने गाडीचे तोंड डावीकडे, मैदानाच्या आत वळवतो आणि थ्रॉटल उघडा ठेवतो. मागचे चाक जागच्या जागी भरारा फिरू लागते आणि बाहेरच्या बाजूला सरकते. आता गाडीचे तोंड एका दिशेला आणि गाडीचा प्रवास दुसऱ्या दिशेला, अशी स्थिती होते. पुढचे चाक मात्र प्रवासाच्या दिशेला ठेवायचे असते, म्हणून स्वार हँडल उजवीकडे वळवतो. गाडी डावीकडे वळते आहे आणि हँडल उजवीकडे! छायाचित्र प्रथम पाहणाऱ्याला हे छायाचित्र उलटे छापले गेले असेच वाटते.

मागचे फिरणारे चाक काय करते, ते नीट पाहा. ते मातीत रुतते, मातीचा लहानसा बांध रचून त्यावर रेटा देते आणि मातीचा फवारा मागे उडवते. गाडीचे तोंड आत वळलेले असल्यामुळे तिचे ‘मागे’ म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या अंगाला. माती बाहेर फेकली जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तितकाच रेटा गाडीला आत मिळतो. दर सेकंदाला जितका संवेग मातीला दिला, तितके बल गाडीला मिळाले. हा रेटा आणि रुतलेल्या टायरला मातीच्या बांधाचा मिळणारा आधार मिळून आपले १४५० न्यूटन भरून निघतात. दोन घन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात तेव्हाचा साधा घर्षणनियम येथे पुरत नाही. तरी सोयीसाठी आपण या सगळ्याला मिळून ‘पकड’ म्हणू आणि तिचा गुणांक सुमारे १ धरू.

यातून एक विलक्षण निष्कर्ष निघतो. वळणात स्वाराला आत ओढणारे बल बऱ्याच अंशी एंजिनातूनच येते. त्याने घाबरून थ्रॉटल एकदम मिटला, तर मातीचा फवारा थांबतो, आत ढकलणारा रेटा नाहीसा होतो आणि गाडी सरळ बाहेरच्या कुंपणाकडे निघते. किंवा मागचे चाक एकाएकी पकड घेते आणि गाडी स्वाराला पलीकडे भिरकावून देते. म्हणजे वेग कमी करायला जाणे हेच कित्येकदा जास्त धोक्याचे. म्हणूनच या स्वारांच्या डाव्या बुटाला पोलादी तळ असतो, त्याच्या आधाराने पाय जमिनीवर घासत नेता येतो. मनगटाला एक दोरी बांधलेली असते. स्वार पडला की ती निसटते आणि एंजिन बंद होते. वळणांवरच्या कुंपणाला अनेक ठिकाणी हवेने फुगवलेल्या गाद्या लावलेल्या असतात. (हे प्रयोग रस्त्यावर कोणी करू नयेत, हे सांगायला नकोच. डांबरावर उडवायला माती नसते, आणि टायरची पकड जाते व येते ती एका क्षणात.)

आता मार्गाची निवड. शाळेच्या मैदानावर ४०० मीटर धावण्याच्या शर्यतीत बाहेरच्या पट्ट्यातील मुलांना पुढे उभे करतात, हे तुम्ही पाहिले आहे. शेजारच्या दोन पट्ट्यांत सात-साडेसात मीटरचे अंतर ठेवावे लागते. कारण त्रिज्या एक मीटरने वाढली की परिघ २ × ३.१४ म्हणजे ६.२८ मीटरने वाढतो, मूळ वर्तुळ लहान असो वा मोठे. स्पीडवेत कोणालाही पुढे उभे करत नाहीत. चौघे एकाच रेषेवर उभे राहतात आणि समोरच्या फिती वर उडाल्या की सुटतात. म्हणजे जो स्वार चारही फेऱ्या दुसऱ्यापेक्षा एक मीटर बाहेरून मारील, तो २५ मीटर जादा जाईल. मग सगळे आतल्या पांढऱ्या रेषेला चिकटून का जात नाहीत?

कारण मैदान शर्यतीगणिक बदलते. प्रत्येक चाक माती बाहेर फेकते, हे आपण पाहिले. दोन-चार शर्यती झाल्या की आतला मार्ग झडून गुळगुळीत होतो आणि सुटी माती बाहेर साठते. माती अधिक तेथे पकड अधिक. समजा, आतल्या ३० मीटर त्रिज्येच्या मार्गावर पकडीचा गुणांक १ आहे आणि ३३ मीटर त्रिज्येच्या बाहेरच्या मार्गावर तो १.१ आहे. वळणात झेपणारा वेग म्हणजे गुणांक, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. आतल्या स्वाराचा वेग येतो सेकंदाला १७.१ मीटर, बाहेरच्याचा १८.९. आतल्याला अर्धवर्तुळ ९४ मीटरचे, बाहेरच्याला जवळजवळ १०४ मीटरचे. भागाकार करून पाहा: दोघांनाही साडेपाच सेकंदच लागतात! दोघे वळणातून एकदमच बाहेर पडतात. पण बाहेरून आलेल्याचा वेग सेकंदाला पावणेदोन मीटरने अधिक असतो. पुढची सरळ बाजू पार करायला अडीच सेकंद लागतात, तेवढ्यात तो चारेक मीटर, म्हणजे सुमारे दोन गाड्यांची लांबी, पुढे निघून जातो. अनुभवी स्वार शर्यतीपूर्वी मैदानावर चालत माती पायाने उकरून पाहतात, ती या दहा टक्क्यांसाठीच. अधूनमधून ट्रॅक्टर येऊन माती पुन्हा आत ओढतो, पाणी मारतात, आणि सगळा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो.

एवढ्या तयारीनिशी आपण कोड्याकडे वळू.

संघांच्या नेहमीच्या सामन्यात पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला ० गुण मिळतात. बेरीज ६. एका जोडीचे स्वार पहिला आणि चौथा आले, तर त्यांचे ३ गुण. दुसरा आणि तिसरा आलेल्यांचेही ३ गुण. बरोबरी. जोड्यांच्या स्पर्धांसाठी एक वेगळी पद्धत निघाली: ४, ३, २ आणि ०. ब्रिटनमधील जोड्यांच्या स्पर्धांत ती वापरली गेली आहे, आणि राष्ट्रांच्या जोड्यांची ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ ही जागतिक स्पर्धा २०१८ साली सुरू झाली, तिनेही २०२० साली ती स्वीकारली. येथे बेरीज ९, म्हणजे विषम. चौघांनी शर्यत पुरी केली तर बरोबरी होणेच शक्य नाही. आपल्या जोडीच्या क्रमांकांच्या सहाच शक्यता आहेत. पहिला-दुसरा आल्यास ७ विरुद्ध २. पहिला-तिसरा, ६ विरुद्ध ३. दुसरा-तिसरा, ५ विरुद्ध ४. पहिला-चौथा, ४ विरुद्ध ५. दुसरा-चौथा, ३ विरुद्ध ६. तिसरा-चौथा, २ विरुद्ध ७. चौथी शक्यता पाहा. आपला लाल स्वार पहिला आला, पण निळा चौथा आला. ४ विरुद्ध ५. कोडे सुटले.

आता खरा प्रश्न. दोन फेऱ्या उरल्या आहेत. लाल पुढे, पांढरा आणि पिवळा मध्ये, निळा शेवटी. लालने तसेच पुढे जावे, की मागे येऊन निळ्याला मदत करावी?

मदत म्हणजे काय, ते आधी ठरवू. लालला ब्रेक नाही. वळणात थ्रॉटल मिटण्यातला धोका आपण पाहिला. थांबण्याचे दोनच मार्ग त्याच्यापाशी आहेत: सरळ बाजूवर थ्रॉटल थोडा कमी उघडणे, किंवा लांबची वाट धरणे. तो एका वळणात तीन मीटर बाहेरून गेला, तर सुमारे साडेनऊ मीटर जादा चालतो, आणि वेग तोच ठेवला तर अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ ‘थांबतो’. शिवाय बाहेरच्या, मातीच्या मार्गावर तो आडवा असतो. मागचे पांढरा आणि पिवळा यांना तेथून वेग घेता येत नाही. त्यांना आतल्या झडलेल्या मार्गावर रेंगाळावे लागते, आणि त्या गोंधळात निळ्याला फट मिळू शकते. निळा पुढे सरकला, की दोघे भागीदार एक आतून आणि एक बाहेरून असे जोडीने चालतात. मग मागच्यांना वाटच उरत नाही. हे सगळे मान वळवून, भागीदार कोठे आहे ते पाहत, ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने करायचे.

पण यात लालचा पहिला क्रमांक जाण्याचीही भीती आहे. बेत साधला, तर पहिला-तिसरा: ४ चे ६ झाले, लाभ २. बेत फसून पांढरा पुढे गेला आणि निळा मागेच राहिला, तर दुसरा-चौथा: ४ चे ३ झाले, तोटा १. समजा, अशा तीन प्रसंगांपैकी एकदा बेत साधतो आणि दोनदा फसतो. एकदाचा लाभ २, दोनदाचा तोटा मिळून २, जमाखर्च सारखा. म्हणजे यशाची संभाव्यता एकतृतीयांशाहून जास्त वाटत असेल, तर लालने मदतीला यावे. जुन्या ३-२-१-० पद्धतीत हाच हिशेब करा. लाभ ३ चे ४, म्हणजे १. तोटा ३ चे २, म्हणजेही १. तेथे यशाची संभाव्यता निम्म्याहून अधिक असल्याशिवाय धोका पत्करण्यात अर्थ नाही. (अर्धवट यशाच्या शक्यता येथे सोडून दिल्या आहेत, त्या घेऊनही हिशेब करता येतो.) गुणांचे चार आकडे बदलले आणि मैदानावरच्या माणसाचे वागणे बदलले! पूर्वी जो पुढे पळत सुटला असता, तो आता मागे वळून पाहू लागला.

या पद्धतीत मला एक गोष्ट मात्र खटकते. शर्यतीत कोणी पडला, की लाल दिवा लावून ती थांबवतात आणि ज्याच्यामुळे ती थांबली त्याला वगळून पुन्हा घेतात. निळा वगळला गेला, तर लालला एकट्याने दोघांशी लढावे लागते. तो पहिला आला तरी ४. मागचे दोघे नुसते शर्यत पुरी करून ३ आणि २ मिळून ५ घेणार. शर्यत सुरू होण्याआधीच ती हरलेली! एका गुणाचा फरक म्हणून लहानही म्हणता येईल, आणि एकंदर बेरजेसाठी त्याला ते ४ गुण झगडून मिळवावेच लागतात. पण एकट्या पडलेल्या माणसाला जिंकण्याची वाटच न ठेवणे मला तरी रुचत नाही.

खालच्या श्रेणीतल्या स्वारांसाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ब्रिटनमध्ये स्वारांना पैसे बहुधा मिळवलेल्या गुणांवर मिळतात. गाडी, एंजिन, टायर आणि दुरुस्ती यांची तजवीज बहुतेकांना स्वतःच करावी लागते, आणि खालच्या श्रेणीतील पुष्कळजण दिवसा दुसरी नोकरी किंवा कारागिरी करून संध्याकाळी शर्यतीला येतात. अशा माणसाला आपला एक गुण भागीदारासाठी सोड म्हणणे म्हणजे खिशातले पैसे सोड म्हणणे. लीगच्या सामन्यांत यावर एक तोड काढलेली आहे. आपल्या भागीदाराच्या लगोलग मागे, प्रतिस्पर्ध्याच्या पुढे जो येतो, त्याला एक ‘बोनस’ गुण धरतात. तो संघाच्या बेरजेत येत नाही, पण स्वाराच्या हिशेबात येतो. त्यामुळे भागीदारालाच मागे टाकण्याचा मोह उरत नाही.

स्पर्धेच्या आखणीतही थोडे गणित आहे. दहा जोड्या आल्या आणि प्रत्येकीने प्रत्येकीशी लढायचे ठरवले, तर १० × ९ ÷ २ म्हणजे ४५ शर्यती होतील. एका संध्याकाळी हे जमणारे नाही. पाच-पाच जोड्यांचे दोन गट केले, की प्रत्येक गटात १० प्रमाणे एकूण २० शर्यती, आणि वर उपांत्य व अंतिम. सुटण्याच्या रेषेवरच्या चार जागाही सारख्या नसतात, म्हणून एका जोडीला पहिली व तिसरी आणि दुसरीला दुसरी व चौथी अशा जागा देतात.

शेवटी तुमच्यासाठी दोन उदाहरणे. पहिले: आपल्या ३० आणि ३३ मीटरच्या मार्गांत बाहेरची पकड १.१ ऐवजी १.०५ धरली, तर वळणात कोण किती सेकंदांनी पुढे राहील, आणि सरळ बाजूवर दुसरा त्याला गाठू शकेल का? दुसरे: समजा, एखाद्या स्पर्धेने ५, ३, २ आणि ० अशी गुणपद्धत ठेवली. बेरीज किती होते, पहिला-चौथा आलेल्या जोडीचे काय होते, आणि लाल स्वाराने मागे वळावे यासाठी यशाची संभाव्यता किती हवी, ते काढा. उत्तर पाहून लाल स्वार कोणती पद्धत पसंत करील आणि निळा कोणती, यावर वर्गात वाद घालायला हरकत नाही.